11 वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या आतड्यात स्नायूची गाठ: ऑपरेशन करावं का?

निपाणीहून एका ताईंनी विचारलं आहे: आमचा टायगर लॅब्रॅडॉर आहे, वय 11. दीड-दोन महिने अधूनमधून उलटी करतो, अंगावरचं मांस उतरलंय, शी कधीकधी काळी आणि चिकट होते. गेल्या आठवड्यात सकाळी अंगणात पाय लटपटून पडला आणि थोड्या वेळाने आपोआप उठला. सोनोग्राफीत लहान आतड्याला लागून 6 सेंटीमीटरची गाठ निघाली. सुई घालून तपासलं, तर रिपोर्ट आला, 'थोड्या स्पिंडल सेल, निश्चित निदान नाही'. डॉक्टर म्हणाले लायोमायोसार्कोमा असू शकतो, पोट उघडावं लागेल. सासरे म्हणतात, वय झालंय, आता कशाला त्याला कापायचं? मी काय करू?

ताई, आधी तुमच्या प्रश्नातल्या एकाच वाक्याबद्दल बोलते. गाठीचा निर्णय चार दिवस थांबू शकतो, हे थांबू शकत नाही. टायगर सकाळी पडला. रात्रभर पोट रिकामं होतं, सकाळी पाय लटपटले, थोड्या वेळाने तो सावरला. पोटात गाठ असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं असं झालं की मी सगळ्यात आधी रक्तातली साखर बघते. आतड्याच्या आणि जठराच्या स्नायूंच्या काही गाठी इन्सुलिनसारखं काम करणारं एक द्रव्य रक्तात सोडतात. साखर झपाट्याने खाली येते, कुत्रं झोकांड्या खातं, थरथरतं आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर त्याला फीट येते. हे साध्या गाठीतही होतं आणि कॅन्सरच्या गाठीतही. म्हणून साखर कमी आली म्हणजे कॅन्सरच असा अर्थ काढू नका. चांगली गोष्ट अशी की गाठ पूर्ण निघाली की साखर बहुधा आपोआप जागेवर येते.

उद्या सकाळी काही खायला देण्याआधी जवळच्या दवाखान्यात साखर बघून घ्या. कुत्र्याची साखर साधारण 70 ते 120 च्या दरम्यान असते. घरात माणसांचा ग्लुकोमीटर असेल तर तो कुत्र्यात खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो हे लक्षात ठेवा. तरीही 60 च्या खाली आकडा आला तर मशीनचा दोष समजून सोडून देऊ नका, त्याच दिवशी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्या. तोवर टायगरला दिवसातून दोनदा पोटभर जेवण देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, आणि शेवटचं खाणं तुम्ही झोपायच्या वेळी. पुन्हा पडला तर बोटाला मध किंवा काकवी लावून हिरड्यांना चोळा. आपल्या ऊसपट्ट्यात काकवी घरोघरी असते, ती चालते. फीट येत असताना तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते थेट फुप्फुसात जातं. मधुमेह्यांसाठीच्या 'शुगर फ्री' वस्तू तर मुळीच नकोत. त्यातल्या काहींमध्ये झायलिटॉल असतं, आणि ते कुत्र्याची साखर आणखी पाडतं. शुद्धीवर आला की लगेच थोडा भात खायला घाला. कारण स्वादुपिंडाच्या इन्सुलिनोमा नावाच्या गाठीतही साखर अशीच पडते, आणि तिथे नुसत्या गोडाने काही वेळाने साखर पुन्हा कोसळते. दोन्हींतला फरक रक्तावरून कळतो. साखर पडलेली असतानाच इन्सुलिन मोजायचं. ते वाढलेलं असेल तर संशय स्वादुपिंडावर, दबलेलं असेल तर या स्नायूच्या गाठीवर.

काळ्या शीबद्दलही आत्ताच सांगते. गाठ आतल्या अस्तरापर्यंत पोचून तिथे व्रण झाला की रक्त झिरपतं, ते पचतं आणि शी काळी होते. पण आपल्याकडे काळ्या शीचं एक कारण घरच्या औषधांच्या डब्यात असतं. कुत्रं लंगडलं, म्हातारपणी उठायला त्रास व्हायला लागला, की अर्धी डायक्लोफिनॅकची गोळी, नाहीतर आयबुप्रोफेन. कुत्र्याच्या जठराला ही औषधं सोसत नाहीत, व्रण पडतात. टायगरला असं काही दिलं असेल तर ते ताबडतोब बंद करा आणि डॉक्टरांना सांगा, लाजू नका. ताकदीचं इंजेक्शन म्हणून कुणी स्टेरॉइड टोचत असेल तर तेही थांबवा. त्याने भूक लागते, चार दिवस कुत्रं तरतरीत दिसतं, पण व्रण वाढतो. शिवाय ही गाठ लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, निघाली तर स्टेरॉइडमुळे निदानच धूसर होऊन बसतं.

आता गाठीकडे वळते. तुमच्या कागदावर जे नाव आहे ते अजून निदान नाही, अंदाज आहे. डॉक्टरांनी 'असू शकतो' म्हटलं ते बरोबर म्हटलं.

आतड्याच्या भिंतीला थर असतात. आत अन्नाला लागणारं अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा सैल थर, मग अन्न पुढे ढकलणारे स्नायू आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत, आपसूक हलतात. त्यांच्यातून जी गाठ उठते ती साधी असेल तर तिला लायोमायोमा म्हणतात, कॅन्सरची असेल तर लायोमायोसार्कोमा. दोन्ही म्हाताऱ्या कुत्र्यांचे आजार. लायोमायोमा बहुतेकदा जठरात सापडतो, विशेषतः अन्ननलिका जठराला मिळते तिथे. कित्येकदा तो काहीच त्रास देत नाही, दुसऱ्याच कारणाने पोट तपासताना दिसतो. लायोमायोसार्कोमा जास्त करून लहान आतड्यात आणि अंधांत्रात, म्हणजे लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथल्या पिशवीत होतो.

तिसरी एक गाठ आहे. तिच्यामुळे या विषयातली बरीच जुनी समजूत बदलली. स्नायूंच्या थरांमध्ये काही वेगळ्या पेशी असतात. आतड्याच्या हालचालीचा ठेका त्या धरतात. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या पेशींच्या जातकुळीतून निघणारी गाठ म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, थोडक्यात जिस्ट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती स्नायूच्या गाठीसारखीच दिसते, तशाच लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी. तुमच्या रिपोर्टातलं 'स्पिंडल सेल' ते हेच. 1998 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की माणसांच्या या गाठीत केआयटी नावाच्या जनुकात बिघाड असतो. पुढे 2003 च्या सुमारास कुत्र्यांच्या जुन्या गाठी नव्या रंगद्रव्यांनी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा लायोमायोसार्कोमा म्हणून नोंदलेल्यांपैकी कितीतरी जिस्ट निघाल्या. जुन्या पुस्तकातला आकडा कुणी तुम्हाला ऐकवला तर तो या सरमिसळीचा असतो, हे ध्यानात असू द्या.

हा फरक कळतो इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने. गाठीच्या पातळ चकत्यांवर ठरावीक प्रथिनं शोधणारी द्रव्यं लावतात. स्मूथ मसल ॲक्टिन आणि डेस्मिन उमटलं तर गाठ स्नायूची. केआयटी, म्हणजेच सीडी117, किंवा डॉग-1 उमटलं तर जिस्ट. हे आपल्या भागातल्या साध्या प्रयोगशाळेत होत नाही, मोठ्या शहरात पाठवावं लागतं. पण त्यासाठी टायगरला पुन्हा काहीच सोसावं लागत नाही. पहिल्या तपासणीसाठी गाठीचा तुकडा मेणात बसवून जो ठोकळा करतात, तोच पुढे वापरता येतो. म्हणून नमुना देतानाच प्रयोगशाळेला सांगून ठेवा की ब्लॉक टाकू नका, तो आम्हाला लागेल.

सुईच्या तपासणीतून नक्की काही निघालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. स्नायूच्या आणि जिस्टच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, सुईत फारशा येतच नाहीत. उलट लिम्फोमा असता तर सुईत गोल पेशींचा ढीग आला असता. म्हणजे तुमच्या 'अनिश्चित' रिपोर्टातूनही काहीतरी कळलंच, लिम्फोमाची शक्यता कमी झाली. सोनोग्राफीचा कागद पुन्हा वाचा. गाठ आतड्याच्या एका बाजूने बाहेर फुगलेली आहे, मध्ये काळपट पोकळी आहे, शेजारच्या लसीका गाठी (लिम्फ नोड) फारशा वाढलेल्या नाहीत, असं लिहिलं असेल तर चित्र स्नायूच्या गाठीकडे किंवा जिस्टकडे झुकतं. आतडं चहूबाजूंनी सारखं जाड आणि लसीका गाठी मोठ्या, तर लिम्फोमा. थोड्याच लांबीत कडं आवळल्यासारखी अरुंद जागा, तर अस्तराचा कॅन्सर, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा. हे ठोकताळे आहेत, शेवटचा शब्द नाही. एंडोस्कोपी करू का, असं पुष्कळजण विचारतात. या गाठी अस्तराच्या खाली असतात. एंडोस्कोपीचा चिमटा वरचं अस्तर तेवढं घेऊन येतो आणि रिपोर्ट येतो 'सौम्य सूज'. लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत तर ती नळी पोचतच नाही.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या पट्ट्यात उलट्या आणि अशक्तपणा घेऊन येणाऱ्या कुत्र्यांमध्ये गाठ हे काही पहिलं कारण नसतं. गोचिडांचा ताप इथे भरपूर, एर्लिकिया आणि बेबेसिया दोन्ही. हिरड्या पांढऱ्या पडतात, प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्त येतं. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचं बुरकुंड आतड्यात अडकून बसतं. अंकुशकृमींमुळेही शी काळी होते. टायगरच्या बाबतीत सोनोग्राफीत गाठ स्पष्ट दिसली आहे म्हणून आपण पुढे बोलतोय. पण गाठ आहे म्हणून गोचिडांचा ताप नाही असं होत नाही. ऑपरेशनआधी त्याची चाचणी आणि प्लेटलेट बघितलेच पाहिजेत. प्लेटलेट कमी असताना पोट उघडणं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं.

मुधोळ कुत्री पाळणाऱ्यांसाठी इथेच एक सांगून ठेवते. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींत तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं. त्यामुळे कागदावर 'नॉर्मल' दिसणारा आकडा अशा कुत्र्याच्या बाबतीत रक्त कमी झाल्याची खूण असू शकतो. शिवाय अंगावर चरबी नसल्याने थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून ती उशिरा बाहेर येतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

सासऱ्यांच्या प्रश्नाला मी हलक्यात घेत नाही. त्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना बघितलंय, त्याचे हाल होऊ नयेत हीच त्यांची इच्छा. त्यांना माझं म्हणणं असं सांगा. भूल झेपेल का हे वयाच्या आकड्यावर ठरत नाही. ते हृदय, मूत्रपिंड, रक्ताचं प्रमाण आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर ठरतं. 11 वर्षांच्या लॅब्रॅडॉरचं आयुष्य, सगळं सुरळीत असलं तरी, आणखी एक-दोन, फार तर तीन वर्षं. तेव्हा गाठीच्या ऑपरेशनने दीड वर्ष मिळालं तर ते त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा वाटा असतो. ऑपरेशन न करण्याचा पर्यायही शांत नाही. 6 सेंटीमीटरची व्रण पडलेली गाठ आतडं अडवते, रक्त गळत राहतं, नाहीतर एखाद्या दिवशी ती फुटते आणि आतड्यातली घाण पोटात सांडते. अंधांत्रातल्या गाठी फुटण्याबद्दल तर कुप्रसिद्धच आहेत. तेव्हा मध्यरात्री, अर्धमेल्या कुत्र्यावर जे ऑपरेशन करावं लागतं त्यापेक्षा आज ठरवून केलेलं कितीतरी सोपं.

आकड्यांचं म्हणाल तर खरं काय ते सांगते. जठरातला लायोमायोमा पूर्ण निघाला तर आजार संपला असंच समजायचं. लायोमायोसार्कोमात, ऑपरेशनचे पहिले दिवस सुखरूप पार पडलेल्या कुत्र्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्याच्या पुढे जगली तो काळ, काही अभ्यासांत 8 महिन्यांच्या आसपास, तर काहींत 21 महिन्यांपर्यंत आलं आहे. जिस्टमध्ये एका अभ्यासात ते 3 वर्षांच्या आसपास होतं. हे सगळे अभ्यास लहान आहेत, त्यातला एक आकडा उचलून टायगरवर चिकटवू नका. त्यांचा एकत्रित अर्थ मात्र मला पटतो आणि माझ्या टेबलावरही तोच दिसतो. पोटातल्या इतर कितीतरी कॅन्सरपेक्षा या गाठी सावकाश चालतात, आणि नुसत्या चाकूने चांगला काळ मिळतो. पसरल्या तर बहुधा यकृतात किंवा जवळच्या लसीका गाठीत. पण यकृतात एखादा ठिपका दिसला तरी मी लगेच हात झटकत नाही. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या यकृतात साध्या गाठीही असतात, आणि पसरलेला रोग असूनही मुख्य गाठ काढल्यावर वर्षभराच्या वर चांगली जगलेली कुत्री अभ्यासांत नोंदलेली आहेत.

म्हणून आधी ठरवायचं ते रोग किती पसरलाय. छातीचे 3 बाजूंनी एक्स-रे: डावी कूस, उजवी कूस आणि समोरून. एकच एक्स-रे काढून 'फुप्फुस स्वच्छ' म्हणणं पुरेसं नाही, कारण कुशीवर झोपवल्यावर खालचं फुप्फुस दबतं आणि त्यातले ठिपके लपतात. पोटाची सोनोग्राफी पुन्हा, या वेळी यकृत आणि लसीका गाठींवर लक्ष ठेवून. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, मूत्रपिंड, साखर आणि अल्ब्युमिन. अल्ब्युमिन 2.5 च्या खाली असेल तर ऑपरेशनमध्ये जोडलेल्या आतड्याचा सांधा सुटण्याची भीती वाढते. रक्त फार कमी असेल तर आधी चढवावं लागेल. दाता बहुतेक वेळा ओळखीतलाच शोधावा लागतो. 25 किलोच्या वरचा, तरुण, लसीकरण झालेला, गोचिडांच्या तापाची चाचणी स्वच्छ आलेला कुत्रा हवा. शेजारीपाजारी असा कुणी असेल तर त्याच्या मालकाशी आत्ताच बोलून ठेवा.

गाठ नेमकी कुठे आहे त्यावर ऑपरेशनची अवघडता ठरते. लहान आतड्याच्या मधल्या भागात असेल तर तुम्ही नशीबवान. दोन्ही बाजूंचं साधारण 5 सेंटीमीटर निरोगी आतडं धरून तेवढा तुकडा काढायचा, टोकं जोडायची. आतड्याची लांबी भरपूर असते, तेवढ्याने पचनाला काही होत नाही. अंधांत्रातली गाठही पिशवीसकट निघते. अवघड जागा म्हणजे जठरालगतचं पहिलं वळण, जिथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिका उघडतात. तिथली गाठ मी अनुभवी सर्जनकडेच पाठवते. आतडं जोडल्यावर त्यात सलाइन भरून कुठून झिरपतंय का ते बघतात, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं, आणि वरून पोटातल्या चरबीच्या पडद्याने सांधा झाकून घेतात. पोट उघडलेलंच असतं, तेव्हा यकृताचा तुकडा आणि लसीका गाठही घ्यायलाच हवी. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारायला संकोचू नका.

इथे माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. निपाणी महामार्गावर आहे. कोल्हापूर 40 किलोमीटर, बेळगाव साधारण त्याच्या दुप्पट. माणसं विचारतात, कुठला सर्जन चांगला? मी उलट विचारते, ऑपरेशननंतर रात्री कुत्र्याजवळ कोण असणार? आतड्याचा सांधा सुटतो तो बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. पहिले दोन दिवस कुत्रं छान असतं, शेपूट हलवतं, घरचे घेऊन जातात. मग अचानक खाणं सोडतं, उलटी, ताप, पोटाला हात लावू देत नाही, कोपऱ्यात मान टाकून पडून राहतं. अशा वेळी पोटातलं पाणी सुईने काढून त्यातली साखर रक्तातल्या साखरेशी ताडून बघायची. पोटातल्या पाण्यात ती 20 ने किंवा त्याहून जास्त कमी निघाली तर आत जंतुसंसर्ग झालाय असं धरून त्याच दिवशी पोट पुन्हा उघडायचं. सकाळपर्यंत बघू म्हणण्यात कुत्री जातात. म्हणून रात्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूस हजर असतो, सलाइन चालू राहतं, साखर तपासता येते, अशी जागा निवडा. थोडी लांब असली तरी चालेल. पाच दिवस पूर्ण होईपर्यंत दवाखान्यापासून तासाभराच्या आत राहा. बेळगावात किंवा कोल्हापुरात पाहुणे असतील तर त्यांच्याकडे उतरा. गुंतागुंतीची केस असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत परळ आणि बेंगळुरूत हेब्बाळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण अशक्त कुत्र्याला इतका लांबचा प्रवास घडवण्याआधी फोनवर सगळे रिपोर्ट दाखवून विचारून घ्या.

काढलेली गाठ तपासायला पाठवायची, यावर कृपा करून काटकसर करू नका. ऑपरेशनचा एवढा खर्च केला, आता गाठ निघाली, कशाला आणखी पैसे, असं म्हणणारे बरेच भेटतात. पण साधी, सार्कोमा की जिस्ट हे कळलं नाही तर पुढे काय करायचं ते ठरवताच येत नाही. आणि गाठ प्रयोगशाळेत पोचेपर्यंत टिकली पाहिजे. आपल्याकडून नमुने बहुधा बसने किंवा कुरियरने जातात, वाटेत दिवस मोडतात. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, त्यात 10 टक्के फॉर्मलिन, तुकड्याच्या निदान 10 पट. गाठ मोठी असेल तर साधारण सेंटीमीटरभर अंतरावर चिरा देऊन ठेवायच्या, नाहीतर फॉर्मलिन मध्यापर्यंत पोचत नाही आणि आतला भाग कुजतो. स्पिरिटमध्ये नको, नुसत्या सलाइनमध्ये नको, फ्रीजरमध्ये तर अजिबात नको. कापलेल्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाचा टाका घालून ठेवला तर कडा स्वच्छ आहेत की नाहीत, म्हणजे कापलेल्या टोकाशी गाठीच्या पेशी उरल्यात का, हे पॅथॉलॉजिस्ट सांगू शकतो. यकृताचा तुकडा आणि लसीका गाठ स्वतंत्र बरण्यांत, नावं लिहून.

रिपोर्ट आल्यावर औषधांचा प्रश्न येतो. लायोमायोसार्कोमावर केमोथेरपीचा फायदा पटण्याजोगा सिद्ध झालेला नाही. कडा स्वच्छ असतील तर मी केमो सुचवत नाही. जिस्ट निघाली आणि कडा अपुऱ्या असतील किंवा ती पसरलेली असेल, तर केआयटीला अडवणाऱ्या गोळ्या आहेत. टोसेरॅनिब ही खास कुत्र्यांसाठीची गोळी अमेरिकेत 2009 साली मास्ट सेल नावाच्या कातडीच्या गाठींसाठी मान्य झाली, पण जिस्टसाठीही वापरतात. इमॅटिनिब हे माणसांचं औषध भारतात जेनेरिक मिळतं. कुत्र्याच्या यकृताला ते बाधू शकतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका.

घरी आल्यावरचं थोडक्यात सांगते. भात आणि कातडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, दिवसातून पाच-सहा वेळा. हाड दोन महिने दाखवायचंही नाही. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, टाके चाटू द्यायचे नाहीत. पावसाळ्यात करणार असाल तर पडवीत ठेवू नका, जखम ओली राहते. पहिलं वर्ष दर 3 महिन्यांनी सोनोग्राफी, मुख्यतः यकृतासाठी.

मी ऑपरेशन नको म्हणेन तेही सांगते. फुप्फुसात ठिपके भरलेले, पोटभर पसरलेल्या गाठी, मूत्रपिंडं निकामी, किंवा यातलं काही नसलं तरी तुमच्याकडे ते पाच दिवस काढायला माणूस नाही. अशा वेळी उलटी थांबवणारं औषध, ओमेप्राझोल, थोडं थोडं खाणं, आणि साखर पडत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं प्रेडनिसोलोन. त्याने काही आठवडे बरे जातात. तो उठेनासा, खाईनासा झाला तर झोपवण्याचा निर्णय घेणं हे पाप नाही. घरातले सगळे बसून आधीच ठरवून ठेवा म्हणजे त्या दिवशी वाद होत नाहीत. टायगर मात्र तुमच्या सांगण्यावरून अजून खातोय, चालतोय. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं स्वच्छ निघाली तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने आहे.

तारीख ठरली की एक सूचना भूल देणाऱ्यांना लिहूनच द्या: हा कुत्रा उपाशीपोटी पडलेला आहे. 'रात्री आठनंतर काही देऊ नका' हा नेहमीचा नियम टायगरला जसाच्या तसा लावायचा नाही. किती तास उपाशी ठेवायचं हे साखर बघून त्यांनी ठरवावं, शक्यतो आदल्या संध्याकाळीच भरती करून डेक्स्ट्रोजचं सलाइन लावावं आणि भुलीत असताना दर अर्ध्या तासाने साखर तपासावी. निपाणीहून पहाटे रिकाम्या पोटी गाडीत घालून नेऊ नका.